चौऱ्याऐंशी हजार सहाशे

काल रात्री मी तीळ भाजत होते आणि नवरा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून विम्याच्या योजना वाचत बसला होता. आज संक्रांत. उद्या, १५ जानेवारीला, हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर २०२६ चा आरोग्य विमा निवडायचा शेवटचा दिवस. तीळ तडतडायला लागले की गॅस बारीक करायचा असतो, पण माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होतं. एक घाणा करपला.

आम्ही ह्यूस्टनला चोवीस वर्षं आहोत. नवरा इंजिनिअर, तेलाच्या पाइपलाइनची कामं करणारा. दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर कंपनीचा विमाही गेला. आता तो एकसष्ट वर्षांचा आहे आणि कंत्राटावर सल्ला देण्याची कामं करतो. मी सत्तावन्न. घरून पुरणपोळ्या, चकल्या, दिवाळीचा फराळ करून विकते. घरच्या स्वयंपाकघरात केलेले असे पदार्थ विकायला टेक्ससचा कायदा परवानगी देतो. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मिळतो पासष्टाव्या वर्षी. म्हणजे त्याची चार वर्षं आणि माझी आठ वर्षं आम्हाला आमचा विमा आमच्या पैशांनी घ्यायचा आहे.

२०२५ मध्ये आमचा हप्ता होता महिन्याला ६१२ डॉलर. या १ जानेवारीला खात्यातून गेले २,४६०. योजना तीच, डॉक्टर तेच, पाच हजारांचं डिडक्टिबलही तेच. डिडक्टिबल म्हणजे वर्षातला पहिला खर्च तेवढ्या रकमेपर्यंत आपण करायचा, मग कंपनी खिशात हात घालणार.

चौपट कसा झाला, हे भारतातल्या नातेवाइकांना फोनवर सांगताना मला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. विमा कंपनीची खरी किंमत आधीही आमच्या हप्त्याच्या कितीतरी वर होती. वरचा भाग सरकार भरत होतं. २०१० च्या कायद्याने, ज्याला ओबामाकेअर म्हणतात, ही मदत ठरावीक उत्पन्नापर्यंतच ठेवली होती. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, ती वाढवली आणि मध्यम योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांच्या वर जाणार नाही असं ठरलं. पुढे २०२२ मध्ये त्याला २०२५ अखेरपर्यंतची मुदत दिली. याच मदतीवरून गेल्या वर्षी १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाज बंद पडलं. नोव्हेंबरात ते सुरू झालं, मदतीचा निर्णय झालाच नाही, आणि ३१ डिसेंबरला वाढीव मदत संपली. त्यात साठीच्या आसपासच्या माणसाला तरुणाच्या तिपटीपर्यंत हप्ता लावायची कंपन्यांना मुभा आहे. आम्ही नेमके त्या वयात आहोत.

आता हा चौऱ्याऐंशी हजार सहाशेचा आकडा. जुना नियम परत आला. दोन माणसांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या आत असेल तरच मदत. वर एक डॉलर गेला तरी शून्य. उतरती पायरी नाही, सरळ कडा. आमचं गेल्या वर्षीचं दोघांचं मिळून सत्त्याऐंशी हजार झालं. त्यातले पंधरा-सोळा हजार माझ्या पोळ्यांचे आणि फराळाचे.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागलं ते हे. माझ्या कष्टाचे जे पैसे घराला हातभार म्हणून येत होते, तेच आम्हाला कड्यावरून ढकलणारे ठरले. मी दिवाळीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत करंज्या तळल्या नसत्या, तर आज आमचा हप्ता सातशेच्या आसपास असता.

विमा नको म्हणायचं धाडस माझ्यात नाही, त्याला कारण गेल्या जूनची रात्र. नवऱ्याला अचानक पाठीत कळ आली. मूतखडा आहे हे दोघांनाही कळलं होतं, कारण हे दुखणं त्याला मिरजेला असताना एकदा होऊन गेलं होतं. तो घामाने थबथबला होता, उलट्या होत होत्या. घराजवळच्या कोपऱ्यावर, डोनटच्या दुकानाशेजारी, एक छोटं चोवीस तास उघडं असणारं ठिकाण आहे. मी ते साधं क्लिनिक समजत होते. टेक्ससमध्ये अशी स्वतंत्र इमर्जन्सी रूम गल्लोगल्ली आहेत. दिसायला दवाखाना, दर मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीचे. मला ते माहीत असायला हवं होतं. रात्री अडीच वाजता नवरा कळवळत असताना पाटी कोण वाचतं?

काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, "साधारण किती होतील?" मिरजेला कुठल्याही दवाखान्यात विचारतात तसं. सोनोग्राफीचे इतके, सलाइनचे इतके, ती तिथे चार वाक्यांत सांगितली असती. ही मुलगी स्वभावाने चांगली होती. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, ते आम्हाला सांगता येत नाही, तुमच्या विम्यावर आहे. एक सीटी स्कॅन, एक सलाइन, वेदना थांबवायचं एक इंजेक्शन. पहाटे साडेसहाला घरी आलो. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पाकीट आलं, त्यावर ठळक अक्षरांत 'धिस इज नॉट अ बिल'. आत लिहिलेलं: आकारणी ११,३४०, कंपनीने ठरवलेला दर ४,७८०, तुमचा वाटा ४,७८०. पाच हजारांच्या आत असल्यामुळे सगळाच आमचा. मग स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरचं वेगळं बिल, तपासणाऱ्या डॉक्टरचं वेगळं.

मी तपशीलवार बिल मागवलं. प्रत्येक ओळ वाचली. बाकी अक्षरं-आकडे होते, एका ओळीत फक्त 'लेव्हल फोर' असं होतं. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला एक ते पाच अशी पायरी लावतात आणि त्या पायरीवर खोलीचे पैसे ठरतात. ती पायरी कोणी लावली, का लावली, हे विचारायला मी चार वेळा फोन केले. चौथ्या वेळी हप्ते पाडून दिले. आकडा होता तोच राहिला. २०२२ पासून इथे एक कायदा आहे, त्यामुळे इमर्जन्सीत जाळ्याबाहेरच्या, म्हणजे आपल्या विमा कंपनीशी करार नसलेल्या, डॉक्टरला वरचे पैसे आपल्याकडून घेता येत नाहीत. तो कायदा नसता तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

मी डझनभर पोळ्या विकते तरी भाव आधी सांगते. गिऱ्हाइकाने "हो" म्हटल्याशिवाय डाळ भिजत घालत नाही. माझ्या आईने सांगलीत पापड-कुरडया विकून आम्हाला शिकवलं. तिचीही रीत हीच होती.

आणि तो भाव मला या दिवाळीत वाढवावा लागला.

इथल्या हिलक्रॉफ्ट रस्त्यावर आमचे एक दुकानदार आहेत, गुजराती, मी त्यांना भाई म्हणते. वीस वर्षं त्यांच्याकडून पोहे, डाळ, बासमती, गूळ घेते. ऑगस्टमध्ये भारताच्या मालावर आधी २५ टक्के, मग २७ तारखेपासून ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयातकर, लागलं. पोह्यांचं चार पौंडांचं पाकीट ५.९९ वरून ७.४९ वर गेलं तेव्हा मी जरा रागानेच विचारलं. त्यांनी मला आत नेलं, कस्टम्सच्या दलालाचं बिल काढून माझ्यासमोर ठेवलं आणि ड्युटीच्या ओळीवर बोट ठेवलं. "बेन, यह इंडिया ने नहीं भरा. यह मैंने भरा, माल बेचने से पहले." कंटेनर बंदरात आला की ड्युटी आयात करणाऱ्याने भरायची, माल विकला जाण्याच्या आधीच. २७ ऑगस्टच्या आत जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत इथे पोचलेला माल वाढीव २५ टक्क्यांतून सुटणार होता, म्हणून त्या पंधरवड्यात त्यांची झोप उडाली होती. एक कंटेनर वेळेत आला, एक नाही.

टॅरिफ ५० टक्के आणि भाव पंचवीस टक्केच का वाढला, हेही त्यांनीच समजावलं. टॅरिफ लागतं ते मालाच्या भारतातल्या खरेदीच्या किमतीवर. दुकानातल्या किमतीत इथला ट्रक, गोदाम, भाडं, पगार हे सगळं असतं, त्यावर नाही. पण ज्याचं भांडवल आधी अडकतं तो कधी ना कधी ते वसूल करतो, आणि साखळीत शेवटी उभी असते माझ्यासारखी बाई. नोव्हेंबरच्या मध्यात मसाले आणि चहा यातून वगळले, तेव्हा वेलची-जिऱ्याची तरी काळजी मिटली. पोहे आणि तांदूळ मात्र तेव्हा सुटले नाहीत.

बहीण दर वर्षी सांगलीहून चकलीची भाजणी पाठवते. यंदा तीही आली नाही. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी नसायची, ती सवलत २९ ऑगस्टला संपली. त्याआधीच भारतीय टपाल खात्याने इथली पार्सलं घेणं थांबवलं. परत सुरू केलं १५ ऑक्टोबरला, तोवर लक्ष्मीपूजन आठवड्याच्या आत आलं होतं. बहीण फोनवर म्हणाली, "ताई, डबा भरून ठेवलाय गं, झाकण उघडवत नाही." मी इथे डाळी-तांदूळ भाजून, दळून भाजणी केली. खुसखुशीत झाली, पण तिच्या हातची नव्हती.

फराळाचा डबा मी पंचेचाळीसचा बावन्न केला. सगळ्यांना मेसेज केला, कशाचे किती वाढले तेही लिहिलं. बहुतेकांनी काही न बोलता घेतला. एका घरातून, जिथे गेली नऊ वर्षं दोन डबे जातात, फोन आला. त्यांच्या सासूबाई स्वतः बोलल्या. "या वर्षी एकच दे गं, आणि त्यात अनारसे नकोत, चकल्या थोड्या जास्त घाल, नातवाला आवडतात." त्यांच्याही मुलाचा स्वतःचा व्यवसाय आहे, म्हणजे त्यांच्याही घरी विम्याचा हप्ता वाढणार असल्याचं पाकीट आलेलं असणार. मी चकल्यांवर तीन अनारसे ठेवले. पैसे लावले नाहीत.

संक्रांतीसाठी मात्र मी एक गोष्ट शोधली. आमच्या घराजवळ मेक्सिकन वाण्याचं दुकान आहे. तिथे पिलोंसियो मिळतो, म्हणजे त्यांचा गूळ. शंकूसारखा, तळहाताएवढा, गडद तपकिरी. मेक्सिकोशी असलेल्या करारात बसणाऱ्या मालाला टॅरिफ नाही. तीळही तिथेच मिळतात, स्पॅनिशमधलं त्यांचं नाव आखोंखोली. पिलोंसियो विळीवर चिरायला गेले तर विळीच सरकली, इतका घट्ट. शेवटी खलबत्त्याने फोडला. कढईत विरघळताना वास थेट गुऱ्हाळाचा, काकवीचा. कोल्हापुरी गुळाला जी किंचित खारट चव मागे राहते ती याला नाही, धुरकट गोडवा आहे. पाक लवकर चढतो, हात चपळ लागतो. दुसरा घाणा जमला. लाडू रंगाने काळसर झाले, पण दाताखाली कुरकुरले. पुरणाला हा गूळ चालेल का ते अजून बघायचंय. पुरण काळं दिसलं तर लोक डाळ करपली म्हणतील अशी धास्ती आहे.

लाडू वळेपर्यंत नवऱ्याला वाट सापडली होती. या वर्षीपासून स्वस्तातल्या, ब्राँझ पायरीच्या सगळ्या योजनांना हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे औषधपाण्यासाठी पैसे साठवायचं खातं, जोडता येतं. त्यात ठेवलेले पैसे उत्पन्नातून वजा होतात. आम्ही आठ हजार ठेवले तर सत्त्याऐंशीचे एकोणऐंशी होतात. कड्याच्या आत. मदत मिळेल, हप्ता गेल्या वर्षीपेक्षाही कमी पडेल. त्याने तीनदा गणित करून पाहिलं, मग मी एकदा कागदावर केलं.

पण डिडक्टिबल माणशी साडेसात हजार. म्हणजे पुन्हा मूतखडा झाला तर सगळा खर्च आमचाच. आणि वर्षभरात उत्पन्न ८४,६०० च्या पुढे गेलं तर घेतलेली सगळी मदत परत करायची. पूर्वी कड्याच्या आत राहिलेल्यांच्या वसुलीला तरी मर्यादा असायची, या वर्षापासून तीही काढली. ज्याला आठ हजार बाजूला ठेवता येतात आणि घरात रात्री अकरापर्यंत नियम वाचणारा माणूस आहे, त्याला ही वाट. माझ्याकडे पोळ्या घेणाऱ्या एक बाई एकट्या राहतात, लहान मुलांचं पाळणाघर चालवतात, वय त्रेसष्ट. त्यांनी जानेवारीत विमाच सोडला. त्यांना मी आज सकाळी फोन केला, उद्याची तारीख सांगितली, संध्याकाळी लॅपटॉप घेऊन या म्हणाले. येते म्हणाल्या.

सकाळी अर्ज भरला. "अगं, आता तुझी वही नीट ठेव," नवरा म्हणाला, "महिन्याच्या महिन्याला बेरीज कर." "अहो, बेरीज मी करतेच," मी म्हटलं, "थांबायचं कुठे ते तुम्ही सांगा." तो हसला नाही. वहीच्या पहिल्या पानावर त्याने तारीख घातली आणि खाली लिहिलं, ५,६००. तेवढीच जागा आहे आम्हाला वर्षभरात वर जायला.

दुपारी ह्यूस्टनजवळच्या केटी गावाहून एका मुलीचा फोन आला. मार्चमध्ये होळीला त्यांच्या ऑफिसातल्या मराठी लोकांना पोळ्या हव्यात, वीस डझन. एवढी मोठी ऑर्डर मला आजवर एकदाच आली होती. मी भाव सांगितला, ती लगेच हो म्हणाली. मी म्हटलं, उद्या पक्कं सांगते. मग वही उघडली आणि मार्चच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, वीस डझन, केटी.