शिकारी सुऱ्यांची नोंदवही: नाव शेवटी वाचायचं

भुसावळच्या सुरीचं वय आता जवळजवळ ठरलं, म्हणून आधी तिचंच लिहितो.

रेल्वे कॉलनीतल्या एका जुन्या घराचं सामान निघालं, तेव्हा ती भंगाराच्या पोत्यातून माझ्याकडे आली. न मिटणारी, सहा-एक इंची एकधारी पात्याची. गार्ड, म्हणजे पातं आणि मूठ यांमधली आडवी पट्टी, पितळी; मूठ काळी आणि बारीक चौकड्या कोरलेली. गार्डला लागून जिथे धार काढलेली नसते तिथे ठसा: मध्ये मुकुट, दोन बाजूंना जी आणि आर, खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, मग शेफील्ड, मग इंग्लंड. शेजारी चांदणी आणि माल्टीज क्रॉस.

हा ठसा दिसला की माणूस लगेच खूश होतो. मी मात्र त्याच्याकडे शेवटी जातो. रॉजर्स ही इंग्लंडातल्या शेफील्ड गावची सुऱ्या बनवणारी कंपनी, आणि तिचं नाव हिंदुस्थानच्या बाजारात इतकं चालायचं की नकलाही तिच्याच फार झाल्या. पोलादावर नाव उठवायला एक साचा आणि एक हातोडा पुरतो. मूठ, रिव्हेट, म्यानाची शिवण, पात्याचं पोलाद यांना एकमेकांशी जुळेल असं खोटं बोलायला लावणं बरंच कठीण. म्हणून सुरीचं वय तिच्यातल्या सगळ्यात तरुण मूळ भागावरून धरायचं आणि मग ठसा त्याला दुजोरा देतो का ते पाहायचं.

तर मूठ. काळं म्हणजे आबनूस, असं सगळे पटकन म्हणतात. पण हिच्या एका बाजूचा रंग उडून शेवाळी-तपकिरी झालाय, आणि अंगठ्याने जोरात घासलं की गंधकाचा वास येतो. हे व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. १८५०च्या आसपास ते बाजारात आलं, आणि चौकड्यांची नक्षी घेऊन शिकारी सुऱ्यांवर पुढे बरीच वर्षं टिकलं. ऊन लागलं की असंच विटतं, आणि आमच्याकडे ऊन काय कमी आहे! जुनी प्लास्टिकंही वासानेच कळतात: सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, बेकेलाइट कोमट पाण्याने ओलं केलं की दवाखान्यासारखा कार्बोलिक वास देतं. बेकेलाइटचा शोध १९०७चा, म्हणजे त्याची मूळ मूठ असलेली सुरी त्याआधीची असूच शकत नाही. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. सेल्युलॉइड पेट घेतं, आणि मुठीला कायमचं भोक पडतं ते वेगळंच.

मुठीखालच्या लोखंडी पट्टीची कड बोटाला किंचित वर लागते. मूठ आक्रसली, लोखंड आहे तेवढंच राहिलं. नवीन बसवलेल्या मुठीत ही कड एकसंध गुळगुळीत असते. रिव्हेटांच्या डोक्यांभोवती घासकामाचे नवे ओरखडे नाहीत. म्हणजे मूठ मूळचीच.

आता ठसा. जी-आर म्हणजे जॉर्ज राजा, पण कोणता? रॉजर्सना राजाश्रय चौथ्या जॉर्जच्या काळात मिळाला. तो १८३०ला गेला. मग विल्यमचा डब्ल्यू-आर १८३७पर्यंत, व्हिक्टोरियाचा व्ही-आर १९०१पर्यंत, एडवर्डचा ई-आर १९१०पर्यंत, आणि त्यानंतर पुन्हा जी-आर, पाचव्या आणि सहाव्या जॉर्जचा, १९५२पर्यंत. म्हणजे जी-आरच्या दोन काळखिडक्या, आणि त्यांच्यामध्ये ऐंशी वर्षांचं अंतर. विकणारा अर्थातच पहिली खिडकी दाखवतो. पण व्हल्कनाइट १८३०च्या आधी नव्हतंच, त्यामुळे ती खिडकी मुठीनेच बंद केली होती. ‘इंग्लंड’ हा शब्दही तेच सांगतो: अमेरिकेने १८९०च्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, १८९१पासून त्याचा अंमल झाला, आणि शेफील्डच्या ठशांमध्ये देशाचं नाव सर्रास दिसू लागलं. इथे एक पथ्य पाळायचं. हा कायदा अमेरिकेला जाणाऱ्या मालापुरता होता. मुंबईला उतरलेल्या सुरीवर देशाचं नाव नसेल, तर तेवढ्यावरून ती १८९१च्या आधीची ठरत नाही. नाव असणं हा पुरावा, नसणं हा पुरावा नव्हे.

इथपर्यंत १९१० ते १९५२. पुढचं काम म्यानाने केलं. तोंडाच्या पितळी पट्टीवर साफसफाई न करता, टॉर्च आडवी धरून बघितल्यावर पुसट अक्षरं दिसली: ए अँड एन, सी-एस-एल. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. लंडनच्या या दुकानाची मुंबईतली शाखा १८९१ची. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही त्याच नावाने ओळखतात. १९३४ साली कंपनीचं नाव बदलून ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ झालं, म्हणजे को-ऑपरेटिव्हवाली पट्टी त्याआधीची. १९१० ते १९३४. यापेक्षा जवळचं वर्ष कुणी छातीठोक सांगितलं तर मी पुरावा मागेन.

म्यान दुसऱ्याच सुरीचं असू शकतं, ही शंका रास्त आहे. चामड्याच्या आतल्या अंगावर गार्ड टेकून पडलेला दाब गार्डच्या आकाराशी नेमका जुळतो. शिवणीचा दोरा नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरला तर मंदच राहतो. हल्लीचा दोरा या दिव्यात निळसर-पांढरा चमकतो, कारण त्यात उजाळा देणारी रसायनं असतात. हा दिवा कुठल्याही किराणा दुकानदाराकडे मिळेल, आणि माझ्या मते दहापट भिंगाच्या खालोखाल हेच सगळ्यात उपयोगी हत्यार.

दुसरी सुरी चाळीसगावच्या मित्राची. तो ती विकणार नाही आणि मी मागणारही नाही, पण ती हातात घेऊन बघायला मिळाली हेच खूप. पात्यावर रोमन अक्षरांत ‘बोदराज’ आणि खाली औरंगाबाद, जुन्या इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगात, जिथे ‘रं’साठी आर-यू-एन लिहीत. हा कारागीर १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला, रानडुकरांच्या शिकारीचे भाले करण्यात त्याचं नाव. दक्षिणेत सेलमच्या अरुणाचलमचा जसा दबदबा होता, तसा आपल्या बाजूला याचा. शेफील्डच्या सुऱ्यांचं कौतुक करताना घाट चढून पलीकडच्या या माणसाला आपण विसरतो, याचा मला राग येतो. ठसा हाताने, एकेक अक्षर ठोकून उठवलेला वाटतो: अक्षरांच्या तळरेषा एका पातळीत नाहीत, प्रत्येकाची खोली वेगळी. भिंगाखाली अक्षरांच्या कडा गोलावल्या आहेत आणि गंजाचे खड्डे अक्षराच्या आतूनही गेलेत. ठसा आधी, गंज नंतर. जिथे अक्षर खड्ड्याला कापून जातं तिथे क्रम उलटा, आणि सौदा तिथेच संपवायचा.

अशा सुऱ्या आपल्याकडे निघतात यात नवल नाही. जेम्स आउटरम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५मध्ये धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. तो वाघाच्या शिकारीचाही नादी होता. अजिंठ्याची लेणी जॉन स्मिथ या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला पडली १८१९मध्ये, तीही शिकारीला निघाला असतानाच. सातपुड्यात साहेब येत राहिले, त्यांची हत्यारं मागे राहिली, आणि पुढे भुसावळला रेल्वेची वस्ती वाढली.

तिसरी थोडक्यात. तापीकाठच्या एका यात्रेत घोड्यांच्या साजाशेजारी मांडलेली, भलीमोठी, पात्यावर ‘शेफील्ड १८६५’. विकणारा बाबा मनापासून सांगत होता, “भाऊ, हाई सुरी मन्हा आजानी शे.” आजोबांची असेलही. पण पातं स्टेनलेसचं, आणि हॅरी ब्रेअर्लीने शेफील्डमध्ये स्टेनलेस पोलाद ओतलं ते १९१३ साली. लोहचुंबकाने हे कळत नाही, सुरीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. इतक्या वर्षांच्या ओलीत, चामड्यात राहूनही पात्यावर ना करडी छटा, ना एक खड्डा, हे बघायचं. मी घेतली ती घोड्याची कडी, शंभर रुपयांना.

काळेपणाबद्दल खास आपल्या भागासाठी एक इशारा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत साधं कार्बन पोलाद एक हंगाम वापरलं तरी चिकाने इतकं काळं पडतं की शंभर वर्षांचं वाटावं. बाहेरच्या जाणकारांचा ‘पॅटिना’वर, म्हणजे वयाने चढलेल्या छटेवर, फार जीव असतो. खानदेशात रंग बघून वय ठरवू नये.

चौथीचे फक्त फोटो आहेत, धुळ्याहून आलेले. जर्मनीतल्या झोलिंगनच्या पुमा कंपनीची, ‘व्हाइट हंटर’ मॉडेलची. हे मॉडेल १९५६पासूनचं. पुमाने १९६४पासून सुऱ्यांवर नियंत्रण क्रमांक टाकायला सुरुवात केली, आणि हिच्यावर तो दिसत नाही. म्हणजे १९५६ ते १९६४, किंवा क्रमांक घासून काढलेला. गार्डचा जवळून, तिरक्या उजेडातला फोटो मागवलाय. पण मूठ सांबरशिंगाची, आणि इथे माझा हात थांबतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तूंची खरेदी-विक्री हा गंभीर मामला आहे. जुनी आहे, आजोबांची आहे, हे उत्तर चालत नाही. आधी वनविभागाचा लेखी कागद, मग बोलणं. तसंच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं, घरकाम-शेतीचं नसेल तर, शस्त्र नियमांच्या यादीत येतं, आणि अधिसूचित भागात त्याला परवाना लागतो. टेप जवळ ठेवा.

भुसावळच्या सुरीला मी अजून पाणीसुद्धा लावलेलं नाही. चिंच, लिंबू, ब्रासो यांपैकी काहीही नको. सुती फडक्याने धूळ काढली, पात्यावर मशीनच्या तेलाचा पातळ हात दिला, आणि सुरी म्यानाबाहेर वेगळी ठेवली, कारण चामड्यातली आम्लं आणि पावसाळ्याची ओल मिळून पितळेवर हिरवं आणि पोलादावर लाल चढवतात. आता रिव्हेटांची मापं व्हर्नियरने घ्यायची राहिलीत. कुणाकडे को-ऑपरेटिव्हच्या पट्टीचं दुसरं म्यान असेल, तर पट्टीची रुंदी आणि अक्षरांची उंची मिलिमीटरमध्ये कळवा, माझ्याकडचे आकडे मी लगेच पाठवतो.