पप्पांचं महिन्याचं डिव्हिडंड आणि आमची धावपळ

पप्पा नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतून रिटायर झाले तेव्हा पीएफ-ग्रॅच्युइटीतले ८ लाख बँकेतल्या एका साहेबांच्या सांगण्यावरून एका हायब्रीड म्युच्युअल फंडात (शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेल्या) टाकले, का तर दर महिन्याला डिव्हिडंड येतं म्हणून. १६ रुपये एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत), म्हणजे ५०,००० युनिट. युनिटमागे दहा पैसे, म्हणजे महिन्याला ५,००० यायला लागले. पप्पा खूश, सिडकोतल्या सगळ्या मित्रांना सांगून मोकळे की एफडीपेक्षा हे भारी. मी पण कधी कागद उघडून बघितले नाहीत, खोटं कशाला बोलू.

मग एकदा पासबुक भरून आणलं तर ५,००० च्या जागी ४,५००. पप्पांना वाटलं फंड बुडाला. तो होता टीडीएस, एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरतात आणि वर्षात ठराविक रकमेच्या वर गेलं की १० टक्के टॅक्स कापूनच देतात. त्या निमित्ताने मी पहिल्यांदा स्टेटमेंट नीट वाचलं आणि एनएव्ही दिसली १५.१०. बावीस महिन्यांनी १६ ची १५.१०! कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला: ५०,००० गुणिले १५.१० म्हणजे ७,५५,०००, आणि टीडीएस धरून आलेलं डिव्हिडंड १,१०,०००. म्हणजे खरी कमाई ६५,०००, बाकीचे ४५,००० आपलेच आपल्याला परत दिलेले. दहा पैसे वाटले की त्या दिवशी एनएव्हीतून दहा पैसे वजा होतात, एवढं साधं आहे, पण पप्पांना व्याजासारखं वाटायचं की मुद्दल तिथंच आणि वरचं आपलं. स्टेटमेंटवर आयडीसीडब्ल्यू लिहिलं होतं, इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल, सेबीने २०२१ मध्ये हे नाव मुद्दाम द्यायला लावलं कारण लोकांचा हाच घोळ व्हायचा. भांडवल काढून देतोय हे नावातच आहे, पण पप्पांना कोणी ते नाव उलगडून सांगितलं नव्हतं.

ठरवलं की ४ लाख पोस्टात सिनियर सिटीझन स्कीममध्ये, ८.२ टक्के, तिमाहीला ८,२०० येतील, आणि उरलेले त्याच फंडाच्या ग्रोथ ऑप्शनमध्ये (यात डिव्हिडंड वाटत नाहीत) ठेवून एसडब्ल्यूपीने, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायच्या सोयीने, महिन्याला २,०००. त्यात पण युनिट विकूनच पैसे येतात, फक्त किती काढायचे ते आपण ठरवतो आणि टॅक्स नफ्याच्या भागावरच लागतो. मार्केट पडलं तर जास्त युनिट जातात, म्हणून सगळे तिथं ठेवले नाहीत.

ऑनलाईन करायला बसलो तर ओटीपीच येईना. फोलिओवर (फंडातल्या खात्यावर) ईमेल आणि मोबाईल दोन्ही त्या साहेबांचे! मग बदलायचा फॉर्म भरला, तो सही जुळत नाही म्हणून परत आला. पप्पांचा हात आता थरथरतो, पूर्वीचा लांब शेपटीवाला ‘प’ येतच नाही. आठवडाभर पेपरच्या कडेला सहीची प्रॅक्टिस चाललेली, मला बघवत नव्हतं. शेवटी कळलं की नवी सही बँकेकडून अटेस्ट करून दिली तरी चालते, पण बँक तीच, तिथे तीन चकरा, मॅनेजर एकदा रजेवर, एकदा मीटिंगमध्ये, तिसऱ्यांदा मिळाल्या आणि दोन मिनिटांत शिक्का मारला.

आयडीसीडब्ल्यूमधून ग्रोथमध्ये स्विच म्हणजे कागदोपत्री विक्रीच धरतात हे लक्षात ठेवा. आमचं वर्ष उलटलेलं म्हणून एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचा आकार) नाही लागला आणि विक्री १६ च्या खाली, म्हणजे तोट्यात, म्हणून टॅक्स पण नाही. जाता जाता रेग्युलरचा (एजंटमार्फतचा) डायरेक्ट प्लॅन (थेट फंडाकडून) करून घेतला, साहेबांचं कमिशन बंद.

पोस्टातलं खातं मे महिन्यात उघडलं. १ जुलैला पहिलं व्याज जमा झालं, तिमाही पूर्ण झाली नव्हती म्हणून ८,२०० पेक्षा कमी. सकाळी साडेसातला पप्पांचा फोन, “काय रे, इथं पण टीडीएस?”