फियाटच्या पत्र्यासाठी तीन दिवस : यवतमाळ, घाटंजी, पांढरकवडा

बाबांची 1969 ची फियाट 1100 डिलाइट मिस्त्रीकाकांच्या अंगणात उभी केली, तेव्हा मला इंजिनाची काळजी होती. रंग खरवडला आणि कळलं की इंजिन बरं आहे, पत्राच संपलाय. डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे खालून चाळणी झालेले. डावं मडगार्ड दिव्याखाली बोटानं दाबलं तरी तुटत होतं. बॉनेटची पुढची कड नव्हतीच आणि दोन्ही सिल, म्हणजे दरवाज्यांखालच्या लांब पट्ट्या, सडलेले. बाबांच्या नोकरीमुळे गाडीनं रत्नागिरीत अकरा पावसाळे काढले होते, त्याचा हा हिशेब.

मोठ्या शहरातून नवं मडगार्ड मागवून पाहिलं. पत्रा मूळच्यापेक्षा पातळ आणि दिव्याभोवतीची गोलाई चुकलेली. काकांनी त्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "भाऊ, हे परत करा. आपल्याच इकडं जुनी गाडी पाहू. आपल्या इकडं पत्रा चेपते, सडत नाही."

या एका वाक्यावर आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी अमरावतीहून निघालो. नांदगाव खंडेश्वर, नेर करत यवतमाळ, मग घाटंजी, पांढरकवडा आणि येताना हिंगणघाट. रस्ता कापसाच्या गावांचा निवडला होता. त्या काळात फियाट नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. या भागात ती घेणारे बहुतेक जिनिंगवाले, डॉक्टर, वकील आणि मोठे कास्तकार. अशा घरांतून गाड्या सहसा विकल्या गेल्या नाहीत, गोठ्यामागे उभ्या राहिल्या.

पहिल्याच दिवशी मी चुकलो. एका भंगारवाल्याकडे बॉनेट दिसलं, वरून गुळगुळीत. काका चहाला गेले होते. मी 3500 रुपये देऊन मोकळा झालो. त्यांनी येऊन खिशातलं चुंबक काढलं. मधोमध ते चिकटेचना. आत बोटभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरलेली होती आणि लांबीच्या मागे पत्राच नव्हता. तेव्हा चुंबक न लावता पैसे देऊ नका. चुंबकावर पातळ फडकं गुंडाळा, रंगावर ओरखडा येत नाही. दरवाज्याची खालची कड, चाकावरची कमान आणि दिव्याभोवतीचा भाग सावकाश तपासा. मग बोटानं वाजवून बघा. चांगला पत्रा खणखणतो, लांबी भरलेला बद्द आवाज देतो.

दुसऱ्या दिवशी घाटंजीच्या पुढे एका गावात बॅटरीच्या दुकानात चौकशी केली. शोध घ्यायचा तर अशाच ठिकाणी विचारा. बॅटरीवाला, ट्रॅक्टरचा मिस्त्री आणि काळी-पिवळीचे जुने ड्रायव्हर, यांना कुणाच्या वाड्यात काय उभं आहे ते पाठ असतं. मात्र आपल्याकडे प्रत्येक जुन्या फियाटला 'डुक्कर फियाट' म्हणतात. खरी डुक्कर फियाट त्याआधीची. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. ते दरवाजे डिलाइटला चालत नाहीत. फोनवरच विचारा, दरवाजा कोणत्या बाजूनं उघडतो. डिलाइट 1964 मध्ये आली, 1974 पासून तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली आणि सांगाडा शेवटपर्यंत जवळपास तोच राहिला. माझ्या गाडीला 1982 च्या पद्मिनीचे दरवाजे बिजागरीसकट बसले. ग्रिल मात्र बदलत गेली, म्हणून नाकाचा पत्रा आपल्याच सालाचा शोधलेला बरा.

त्या गावात दोन गाड्या निघाल्या. पहिली खताच्या गोडाऊनमध्ये, पक्क्या छपराखाली, बाहेरून छान. मला वाटलं काम झालं. काकांनी डिक्की उघडली. पोटॅशच्या पोत्यांनी तळ खाऊन टाकला होता. खतातले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि पत्रा ओला ठेवतात, समुद्राच्या वाऱ्यासारखंच. बैलांच्या गोठ्यात उभ्या गाडीचंही तसंच, शेण-मुतानं सिल आणि दरवाज्यांचे तळ आधी जातात. आपल्या भागात गाडी सडली असेल तर बहुधा या दोन कारणांनी. तिसरं कारण काळी माती. मडगार्डच्या आतल्या घडीत ती गच्च बसते आणि पावसाळाभर ओल धरून ठेवते. आत हात घालून माती उकरल्याशिवाय मडगार्ड चांगलं म्हणू नका. मात्र हात घालण्याआधी काठीनं ठोका. आमच्या पद्मिनीच्या दरवाज्यात गांधीलमाश्यांचं पोळं होतं आणि सीटखाली विंचू निघाला. जाड हातमोजे, बूट, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं असावं.

दुसरी गाडी तीच 1982 ची पद्मिनी. उघड्यावर, चिंचेखाली. छप्पर चेपलेलं, बॉनेटवर फांदी पडून मोठा खड्डा, काच फुटलेली. मी परत फिरणार होतो. काका अर्धा तास तिच्याभोवती फिरले. उजवं मडगार्ड कामातून गेलेलं, पण डावीकडचे दोन्ही दरवाजे, डावं मडगार्ड आणि बॉनेटचा पत्रा खणखणीत होता. हातोडा आणि डॉली, म्हणजे मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा, घेऊन खड्डा काढता येतो. सडलेल्या जागी काढायला काही उरतच नाही.

गाडी घरच्या आजींच्या नावावर होती. ओसरीवर बसून त्यांनी आधी माझ्या बाबांची चौकशी केली, गाडी कुठं कुठं फिरली ते विचारलं. मग म्हणाल्या, "आमच्या यजमानायनं दसऱ्याले दरवर्षी पूजा केली बाप्पा हिची. तुमी तोडून भंगारात तं नाही नं देणार?" डॅशबोर्डच्या कप्प्यात आपट्याची वाळलेली पानं अजून होती. मी बाबांच्या गाडीचे फोटो दाखवले, कोणता भाग कुठं लागणार ते सांगितलं. चारही भागांचे मिळून 14 हजार ठरले. भावात घासाघीस केली नाही आणि करू नये असं मला वाटतं. आजींनी स्टिअरिंग ठेवून घेतलं, सोबत ती पानंही.

कागदाचं आजींच्या नातवासमोरच उरकलं. कोणते भाग घेतले याची सहीची पावती, आरसी बुकाचा फोटो. चासी नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा मालकाकडेच राहू द्या. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी रद्द करण्यासाठी आरटीओला कळवणं मालकाचं काम आहे, ते त्यांना समजावून सांगा. आपल्या गाडीचंही बघा. 50 वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा ही अट आहे. त्यामुळे मूळ आकाराचाच पत्रा लावणं आणि जुन्या पत्र्याचे फोटो जपणं दोन्ही महत्त्वाचं.

भाग काढायला पूर्ण दिवस गेला. बोल्टवर आदल्या संध्याकाळीच डिझेल-रॉकेल सोडून ठेवा. गॅस कटर नको, उष्णतेनं पत्रा वाकडा होतो. वेल्डिंगचे टिपके ड्रिलनं उडवा. जिथं कापावंच लागेल तिथं लागतो त्यापेक्षा चार बोटं जास्त घ्या. दरवाजे काढण्याआधी चारही बाजूंच्या फटी मोजून पत्र्यावरच खडूनं लिहा. पुढे बसवताना त्याच आकड्यांवर काम चालतं.

परतीला छोटा हत्ती केला. दरवाजे आडवे टाकू नका, उभे बांधा. मध्ये पोती आणि तुरीचं कुटार भरलं. करंजी, वडकी, हिंगणघाट असा हमरस्ता धरला आणि एकही नवा ओरखडा आला नाही. हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये आणखी एक गाडी असल्याचं ऐकलं होतं, पण ती दोन वर्षांपूर्वीच तुटली होती.

जायचं तर दिवाळी ते होळी. मे महिन्यात पत्र्याला हात लागत नाही आणि पेरणीच्या दिवसांत कुणाला वेळ नसतो.

आता डावे दरवाजे लागलेत. मागच्या दरवाज्याची फट खाली दोन मिलिमीटर जास्त आहे, बिजागरीखाली पत्ती घालून ती निघेल. सिल मात्र काका 20 गेजच्या नव्या पत्र्यातून वाकवून करताहेत. या गाडीला बॉडीखाली वेगळी चासी, म्हणजे स्वतंत्र सांगाडा, नाही, सगळा भार तळ आणि सिल पेलतात. म्हणून जुना सिल कापण्याआधी त्यांनी दरवाज्याच्या चौकटीत दोन आडवे पाइप वेल्ड केले. हे न करता कुणालाही सिल कापू देऊ नका, चौकट खाली खचली की दरवाजा पुन्हा लागत नाही. उजव्या मागच्या चाकावरची कमान अजून हवी आहे. दिवाळीनंतर अचलपूर-परतवाड्याकडे फिरणार आहोत.