ऑगस्टची तुलना ऑगस्टशी करताना

रत्नागिरीतील एका किराणा दुकानाचे हिशेब मी पाहतो. 2025 च्या ऑगस्टचा अहवाल पॉवर बीआय या आकडेवारीचे अहवाल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, तेव्हा आधीच्या ऑगस्टपेक्षा विक्री भरघोस वाढलेली दिसली आणि मालक सुखावले. सप्टेंबरच्या अहवालात मात्र तीच विक्री घसरली होती. कारण पंचांगात होते. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला, त्यामुळे चाकरमानी गावी येताना होणारी गूळ, नारळ आणि तांदळाच्या पिठाची खरेदी अकरा दिवस अलीकडे सरकली. दोन्ही तारखा जुलै ते सप्टेंबर या एकाच तिमाहीत असल्याने तिमाहीची तुलना मला अधिक विश्वासार्ह वाटते. शिवाय पॉवर बीआयमधल्या तारखांच्या तक्त्यात मी ‘चतुर्थीला उरलेले दिवस’ असा स्तंभ जोडला; आता सणाआधीचे दहा दिवस सणाआधीच्याच दहा दिवसांशी ताडले जातात. पॉवर बीआयला आर्थिक वर्षाची अखेरही 31 मार्च अशी स्पष्ट द्यावी लागते, अन्यथा वर्षाची चढती बेरीज 1 जानेवारीपासून सुरू होते.

आंब्याला तिमाहीही पुरत नाही, कारण हापूसचा हंगाम 31 मार्चच्या दोन्ही बाजूंना पसरतो आणि फळ लवकर तयार झाले, तर त्याच हंगामाची बरीच विक्री आधीच्या आर्थिक वर्षात जमा होते.