आधी राजा की आधी राखणदार?

राज्यशास्त्र शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न हमखास येतो. ‘बाई, पहिलं सरकार आलं कुठून? लोकांनी नेमलं, की कुणीतरी मानगुटीवर बसलं?’ तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन्ही उत्तरं जुनीच आहेत. यादवीत होरपळलेल्या इंग्लंडचा तत्त्वज्ञ हॉब्ज १६५१ साली म्हणाला, एकमेकांच्या भीतीपोटी माणसं सगळी सत्ता एकाच्या हाती सोपवतात. पुढे १७४८ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमनं विचारलं, असा करार केला कुणी आणि कधी? राज्यं तर बहुतेक जिंकून नाहीतर बळकावूनच उभी राहिली. इतिहास बघता मला ह्यूमचंच पटतं.

तरी मी वर्गात रेंगाळते ती महाभारताच्या शांतिपर्वातल्या कथेपाशी. मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी माणसं एकमेकांना गिळू लागली, तेव्हा लोक ब्रह्मदेवाकडे गेले. त्यानं मनूला सांगितलं, आणि मनू नाही म्हणाला! राज्य करणं फार कठीण, मला पापाची भीती वाटते, म्हणाला. मग लोकांनी देऊ केलं : जनावरांचा आणि सोन्याचा पन्नासावा हिस्सा, धान्याचा दहावा. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञसुत्तात तर ब्रह्मदेवाकडे जाणंही नाही. शेतं वाटली गेली, चोरी सुरू झाली, म्हणून लोकांनी आपल्यातलाच एक निवडला आणि त्याला भाताचा वाटा ठरवून दिला. तो महासंमत, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेला.

धान्याचा वाटा म्हटलं की मला आजोळ आठवतं. साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. तिथे फड पद्धत होती. नदीवर बंधारा, त्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी फिरवायचं पाटकऱ्यानं, पिकाची राखण करायची जगल्यानं. मामांचा गहू सुकायला लागला होता, म्हणून ते स्वतः पाटावर गेले. पाटकरी फावडं चिखलात रोवून उभा. ‘भाऊ, तुमनी पाळी सकाय शे,’ एवढंच बोलला. मामा गावातले मोठे शेतकरी, पण गुमान परत आले.

१९५७ साली विटफोगेल या इतिहासकारानं मांडलं, की मोठमोठे कालवे सांभाळता सांभाळताच आशियात निरंकुश सत्ता जन्माला आली. तो बोलत होता महानद्यांबद्दल, हे मान्य. पण पाण्याची शिस्त लावायला वरून हुकूमशहाच लागतो, हे मी कधीच मान्य करणार नाही. मी तो पाटकरी पाहिलाय.

म्हणून ‘नेमलं की बसलं’ यापेक्षा मी मुलांना वेगळं शोधायला लावते : राखणदार नालायक निघाला तर त्याला काढायचं कुणी? मनूच्या त्या कथेत वाटा ठरतो, प्रजेच्या पुण्याचाही हिस्सा ठरतो, पण त्याला काढायचं कसं ते ठरत नाही.

आमच्या फडात एका वर्षी रानडुकरांनी हरभरा तुडवला. जगल्या झोपला होता. मळणीनंतर तो नेहमीसारखा पोतं घेऊन खळ्यावर आला. मामांनी सुपानं त्याचा वाटा मापून घातला, एक दाणाही कमी केला नाही. मग सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, पुढच्या हंगामाला आम्ही दुसरा बघतोय.