काळी रेघ कापल्याशिवाय ग्राफिस ओळखता येत नाही

कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर सुपारी, फणस, जांभूळ, अंजनी अशा बऱ्यापैकी गुळगुळीत सालीच्या झाडांवर पांढुरके-राखाडी डाग दिसतात आणि त्यांवर कुणी काळ्या शाईने गिरगटल्यासारख्या रेघा असतात. निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर अशा प्रत्येक फोटोखाली सर्रास 'ग्राफिस' लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा त्यापुढे 'स्क्रिप्टा'ही. पहिलं नाव कधी बरोबर असतं, कधी नाही. दुसरं आपल्याकडे बहुधा चुकीचंच असतं. ग्राफिस स्क्रिप्टा हे मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातलं शैवाक (लायकेन) आहे, आणि उष्ण कटिबंधातल्या त्याच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नयेत.

आधी हे शैवाक कसं जगतं ते पाहू. ग्राफिस म्हणजे एक बुरशी आणि तिच्या धाग्यांत राहणारं ट्रेन्टेपोलिया नावाचं शैवाल. ट्रेन्टेपोलिया वर्गीकरणाने हिरवं शैवाल असलं तरी त्याच्या पेशींत कॅरोटिन भरपूर असल्यामुळे ते नारिंगी दिसतं. पावसाळ्यात दमट भागातल्या झाडांवर आणि भिंतींवर जे केशरी मखमली पट्टे दिसतात, ते बऱ्याचदा स्वतंत्रपणे वाढणारं ट्रेन्टेपोलियाच असतं. शैवाकाचा ओला थर नखाने हलकेच खरवडला की आतून पिवळसर-नारिंगी झाक दिसते. परमेलियासारख्या पानासारख्या शैवाकांत मात्र लख्ख हिरवा थर निघतो. क्षेत्रात करता येण्याजोगी ही सगळ्यात सोपी पहिली चाचणी.

ग्राफिसच्या थराला खालची त्वचा नसते. बुरशीचे धागे थेट सालीच्या वरच्या पेशींत शिरलेले असतात, काही जातींचा तर जवळपास सगळा थर सालीच्या आतच असतो. त्यामुळे ते सोलून काढता येत नाही, सालीसकटच घ्यावं लागतं. काळ्या रेघा ही बुरशीची फळं. त्यांना लिरेला म्हणतात. लांबी काही मिलिमीटर, रुंदी बऱ्याच जातींत ०.१ ते ०.३ मिमी. लिरेलाच्या दोन काळ्या ओठांमधल्या फटीखाली बीजाणूंचा थर, म्हणजे हायमेनियम असतो. पाणी मिळालं की बीजाणू बाहेर फेकले जातात. त्यांच्याबरोबर शैवाल जात नाही, म्हणजे नव्या सालीवर पडलेल्या बीजाणूला आपलं ट्रेन्टेपोलिया नव्याने गाठावं लागतं. सोबत शैवाल घेऊन जाणारे इसिडिया किंवा सोरेडिया नावाचे बारीक कण ग्राफिस या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, genus) क्वचितच आढळतात.

आता वर्गीकरण. लिनियसने १७५३ साली या शैवाकाला 'लायकेन स्क्रिप्टस' म्हटलं, अदान्साँने १७६३ मध्ये ग्राफिस प्रजाती मांडली आणि अकारियसने १८०९ मध्ये ग्राफिस स्क्रिप्टा हे आजचं नाव दिलं. पुढे एकोणिसाव्या शतकात म्युलर आर्गोविएन्सिसने केवळ बीजाणूंचा रंग आणि त्यांच्या आतले पडदे पाहून चार कप्पे केले: रंगहीन आणि फक्त आडवे पडदे असलेले ते ग्राफिस, रंगहीन पण आडवे-उभे दोन्ही पडदे असलेले ते ग्राफिना, तपकिरी आणि आडव्या पडद्यांचे ते फिओग्राफिस, तपकिरी आणि दोन्ही पडद्यांचे ते फिओग्राफिना. वापरायला ही पद्धत फार सोयीची होती, म्हणूनच ती शंभराहून अधिक वर्षं टिकली. पण नात्याने जवळच्या जाती तिने वेगवेगळ्या प्रजातींत टाकल्या आणि लांबच्या एकत्र आणल्या. उभे पडदे हे लक्षण एकाच प्रजातीत पुन्हापुन्हा उगवतं, हे आता पक्कं झालं आहे. २००२ मध्ये जर्मन संशोधक बेटिना श्टायगर यांनी ग्राफिसचं सगळं कुळ नव्याने मांडलं आणि भर दिला तो लिरेलाच्या भिंतीच्या रचनेवर, आयोडिनच्या प्रतिक्रियेवर आणि हायमेनियमवर. २००९ मध्ये रॉबर्ट ल्युकिंग आणि सहकाऱ्यांनी ग्राफिसच्या ३३० जातींची जागतिक ओळख-किल्ली दिली. त्यानंतर डीएनएवरून ग्राफिसमध्येच दोन वेगळे गट आहेत असं दिसलं, आणि २०१८ मध्ये जाड, ठसठशीत लिरेलांच्या पुष्कळ जाती ॲलोग्राफा या जुन्याच, पण पुन्हा उभ्या केलेल्या प्रजातीत गेल्या. उदाहरणार्थ, आपल्याकडच्या जुन्या याद्यांतलं ग्राफिस स्ट्रायट्युला आता ॲलोग्राफा स्ट्रायट्युला आहे.

महाराष्ट्राशी याचा संबंध थेट आहे. पुण्याच्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि सी. आर. कुलकर्णी यांनी, आणि पुढे उर्मिला मखिजा व सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या या कुळावर मोठं काम केलं. त्यातलं बरंचसं चार कप्प्यांच्या काळातलं आहे. त्यामुळे जुनं वर्णन वाचताना 'ग्राफिना' दिसलं की ती जाती आज ग्राफिस, ॲलोग्राफा किंवा डायोरिग्मा यांपैकी कुठेही असू शकते, हे धरूनच चालावं.

नमुना तपासायचा क्रम ठरलेला असावा. लिरेला आधी पाण्याच्या थेंबाखाली काही मिनिटं भिजू द्यायची. कोरडी काळी भिंत ठिसूळ असते, ब्लेड लागताच तिचे तुकडे उडतात. नवं रेझर ब्लेड घेऊन लिरेलाच्या मधल्या भागातून, तिच्या लांबीला काटकोनात, जमेल तितके पातळ काप घ्यायचे. टोकाकडचा काप घेऊ नये, तिथे भिंत तळापर्यंत काळी भासते. काप तिरका गेला तरीही तोच घोळ होतो. आणि हा घोळ महागात पडतो, कारण भिंत फक्त बाजूंनी काळी आहे, फक्त माथ्याला आहे की तळासकट पूर्ण, यावर किल्लीतली वाट ठरते. म्हणून निदान पाच-सहा काप पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. ओठ अखंड आहेत की त्यांवर लांबीच्या दिशेने समांतर चरे आहेत, हेही याच वेळी टिपून ठेवावं.

पहिला काप साध्या पाण्यात पाहायचा. हायमेनियम नितळ आहे की तेलाच्या बारीक थेंबांनी भरलेलं, ते इथे कळतं. हवेचे बुडबुडे जाड काळ्या कडेचे असतात आणि काचपट्टी किंचित गरम केली की सरकतात. तेलाचे थेंब जागचे हलत नाहीत.

दुसऱ्या कापाला ल्युगॉलचं आयोडिन. ग्राफिसचे पिकलेले बीजाणू निळे-जांभळे होतात. त्यांच्या कप्प्यांतल्या पोकळ्या भिंगाकृती असतात, हेही नीट पाहावं. फिओग्राफिसचे बीजाणू आयोडिनने लालसर-तपकिरी होतात. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइड लावलेल्या कापावर तो न धुता आयोडिन टाकणं. अल्कलीत आयोडिनचा रंगच उडतो आणि 'प्रतिक्रिया नाही' अशी खोटी नोंद होते. दुसरी, फार जुने बीजाणू पाहणं. ग्राफिसचे बीजाणू म्हातारे झाले की तपकिरी पडतात आणि नमुना फिओग्राफिसमध्ये ढकलला जातो. ॲस्कसच्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीच्या आत असलेले, पूर्ण वाढलेले बीजाणूच मोजावेत आणि त्यांचाच रंग लिहावा.

मग रसायनं. १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हातमोजे घालून. थराच्या पातळ कापावर कव्हरस्लिपच्या कडेने थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून नजर हलवायची नाही. पिवळा रंग पसरून पाठोपाठ लाल सुयांसारखे स्फटिक तयार झाले तर नॉरस्टिक्टिक आम्ल. ग्राफिस लायब्राटा आणि ग्राफिस हँडेलाय यांत ते असतं. नुसता पिवळा-नारिंगी रंग बहुधा स्टिक्टिक आम्लाचा. सॅलॅझिनिक आम्लही लाल होतं, म्हणून शंका उरली तर पातळ थर क्रोमॅटोग्राफी करावीच: टोल्यूइन, डायॉक्सेन आणि ॲसेटिक आम्ल १८०:४५:५, नंतर १० टक्के सल्फ्युरिक आम्लाचा फवारा आणि ११० अंश सेल्सिअसला तापवणं. हायड्रॉक्साइडचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होतं. ते चालतंय का हे बघायला मसाल्यातल्या दगडफुलाच्या करड्या पृष्ठभागावर थेंब टाकावा. पिवळा व्हायलाच हवा.

काळ्या रेघांचे तोतये बरेच आहेत. ओपेग्राफाचं शैवालही ट्रेन्टेपोलियाच, रेघाही तशाच, पण ही बुरशी वेगळ्याच वर्गातली आहे; तिच्या ॲस्कसची भिंत दुहेरी असते आणि बीजाणू आयोडिनने निळे-जांभळे होत नाहीत. हिस्टेरियम तर शैवाकच नाही, सुक्या लाकडावरची बुरशी आहे. कापात शैवाल सापडत नाही. लिरेला पांढऱ्या पिठाने जाड झाकलेल्या असतील तर ब्लीचचा थेंब टाकावा. लाल झालं की ते डायप्लोलेबिया अफ्झेलाय, त्यात लेकॅनोरिक आम्ल असतं.

नमुना गोळा करताना पातळ धारदार पटाशीने फक्त बाहेरची साल उचलावी, आतल्या जिवंत थराला धक्का लावू नये. राखीव जंगलात आणि अभयारण्यात वनविभागाची लेखी परवानगी लागते. नमुना कागदी पाकिटातच ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत बुरा येतो आणि शैवाल मरतं. साल वाळताना वळते, म्हणून हलक्या वजनाखाली सुकवावी. पाकिटावर झाडाचं नाव, खोडाचा भाग, ऊन की सावली, उंची, जागेचे अक्षांश-रेखांश आणि तारीख हवीच. ऊन-सावलीची नोंद बहुतेक जण गाळतात, आणि ती फार कामाची असते: ग्राफिसच्या पुष्कळ जाती उजेडाच्या, मोकळ्या किंवा तुटलेल्या जंगलात रुजतात, तर याच कुळातल्या ऑसेल्युलारियासारख्या प्रजाती दाट, जुन्या जंगलाच्या सावलीत अधिक मिळतात.

जुन्या पाकिटावरचं नाव बदलायची वेळ आली तर मूळ चिठ्ठी खोडू नये, काढूही नये. शेजारी नवी चिठ्ठी लावून नवं नाव, तपासणाऱ्याचं नाव, वर्ष आणि कशावरून ठरवलं ते लिहावं, म्हणजे भिंत कुठवर काळी, आयोडिनचा रंग, बीजाणूंचं माप, हायड्रॉक्साइडची प्रतिक्रिया. काप घेतलेली काचपट्टी त्याच पाकिटात ठेवावी.