आमची वाटचाल : एका रॅम्पपासून तीन हौदांपर्यंत

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाड्यांचं वॉशिंग सेंटर सुरू झालं ते एक रॅम्प, एक प्रेशर पंप आणि एक बोअर यांवर. हा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला, इथलं जमिनीखालचं पाणी खारं. बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की काचेवर पांढरे डाग. गोडं पाणी टँकरचं, आणि पांदणीतून आलेला ट्रॅक्टर दीड-दोनशे लिटर सहज पितो. म्हणून पहिली धुलाई फिरवलेल्या, म्हणजे एकदा वापरून साफ केलेल्या पाण्याने आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा, अशी रीत बसवली.

सुरुवात उलटी झाली. आधी वाळूचा फिल्टर घेतला, हौद नंतर बांधले. काळ्या मातीचा कण दोन मायक्रॉनहून बारीक. तो वाळूत अडकत नाही, आणि अडकलाच तर फिल्टर बुजवतो. आता तीन हौद आहेत, प्रत्येकी ५ × ५ × ५ फूट, म्हणजे साधारण साडेतीन हजार लिटरचे. दिवसाला अडीच हजार लिटर पाणी फिरतं. पहिल्यात चिखल बसतो, दुसऱ्यात तेल तरंगतं, तिसऱ्यात रात्री तुरटी पडते. एका हौदातून दुसऱ्यात पाणी जायला चार इंची पीव्हीसीचा टी, म्हणजे तीन तोंडांचा पाइपचा जोड आहे. त्याचा खालचा पाय पाण्यात दीड फूट बुडालेला, वरचं तोंड उघडं. हा पाय नसला तर वरचं तेल सरळ पुढच्या हौदात जातं.

पाणी गढूळ राहिलं की आधी बाटलीत भरून रात्रभर ठेवतो. सकाळी तळाशी गाळ आणि वर मातकट रंग दिसला तर दोष मातीचा. दुधासारखं पांढुरकं राहिलं तर तेल फुटून पाण्यात मिसळलंय, आणि ते बहुधा इंजिन धुताना वापरलेल्या कडक केमिकलमुळे. मग हौदावर कितीही वेळ घाला, तेल वर येत नाही. इंजिनची धुलाई आम्ही वेगळ्या ड्रमवर करतो आणि ते पाणी फिरवतच नाही. फवारणीच्या टाक्याही घेत नाही.

तुरटी अंदाजाने टाकू नये. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवायची. हौदाच्या पाण्याने भरलेल्या एकेक लिटरच्या पाच बाटल्यांत हे द्रावण अनुक्रमे ५, १०, १५, २०, २५ मिली टाकायचं. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटं हळू ढवळून अर्धा तास ठेवायचं. सगळ्यात कमी तुरटीत जी नितळ झाली, ती खरी मात्रा. १५ मिलीची नितळली तर साडेतीन हजार लिटरला सव्वापाचशे ग्रॅम. जास्त झाली तर पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं आणि लोखंडी पाइप खातं; पीएचची पट्टी सहाच्या खाली गेली की चुन्याची निवळी.

पावसाळ्यात हीच मात्रा पुरत नाही. चिखल वाढतो हे एक कारण. दुसरं असं की खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना धरतात. पावसाचं पाणी हौदात शिरलं की क्षार उतरतात आणि कण सुटे होऊन तरंगत राहतात. म्हणून पत्र्याचं पन्हाळ हौदापासून दूर वळवलं. पेरणी संपेपर्यंत दर आठवड्याला नवी बाटली-चाचणी.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे तळाच्या गाळात हवा संपली. पोळ्याला दोन दिवस बंद ठेवलं की हमखास येतो. तिथल्या जिवाणूंना तुरटीतलं सल्फेटही चालतं, त्यामुळे जास्त तुरटी वास वाढवते. गाळ असताना ब्लीचिंग पावडर टाकणं म्हणजे पैसा गाळाला चारणं. आधी मड पंपाने वरूनच गाळ काढायचा, मग पहिल्या दोन हौदांत ब्लोअरची हवा, शेवटी ब्लीचिंग. गाळ काढायला हौदात कोणी उतरायचं नाही. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू जीव घेतो, आणि वास येणं बंद झालं म्हणजे वायू गेला असं नसतं, नाकच मरतं.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज आहेत. दोन्हींतल्या दाबाचा फरक अर्धा किलोवर (दर चौरस सेंमी) गेला की उलटं पाणी सोडून धुतो, निघणारं पाणी नितळ होईपर्यंत. पण गेज ठीक आणि पाणी घाण असेल तर झाकण उघडा. आत आवळ्याएवढे राखाडी गोळे सापडतात, फोडले की डिझेलचा वास. पाणी त्यांच्या कडेने वाट काढतं, वाळूतून जातच नाही. अशी वाळू बदलावीच लागते.

कापूस वाहणाऱ्या गाड्यांच्या दिवसांत पंपाच्या सक्शनवर धाग्यांचा दोर वळलेला मिळतो, त्यात सोयाबीनचं कुटार. नालीच्या तोंडाशी जाळीची टोपली दिवसातून दोनदा रिकामी केली तर पंपाचं सील वाचतं.

काचेवरचे पांढरे डाग मात्र कुठलाच वाळूचा फिल्टर काढत नाही. उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचा आकडा बोअरच्या दीडपट झाला की तिसरा हौद अर्धा उपसून नवं पाणी घेतो. तेलाचा गाळ झाकणाच्या ड्रममध्ये, परवानाधारकाकडे देण्यासाठी वेगळा. वावरात नाही.